तेवीस ठळक अंगठे

ज्याने तुमच्या आईचा मोतीबिंदू फुकट काढून दिला, पोरांना वह्या दिल्या, गावच्या बसथांब्यावर पत्रे टाकले, त्याच्याविरुद्ध उद्या तक्रार द्यायची वेळ आली तर तुम्ही द्याल का? लगेच उत्तर देऊ नका. मी वीस वर्षं खाकी घातली आणि मुदतीआधीच उतरवली. एवढ्या काळात या प्रश्नाला न अडखळता ‘हो’ म्हणणारी एकच व्यक्ती मला भेटली. ती कातकरी बाई होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. तिचं प्रकरण आठवलं की अजून डोकं तापतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना कळतील.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी निरीक्षक होतो. रुजू झालो त्या दिवशी हवालदाराने ठाणं फिरवून दाखवलं. पाण्याचा कूलर, भिंतीवरचे कॅमेरे, व्हरांड्यातले बाक, रस्त्यावर लावायचे लोखंडी अडथळे, सगळ्यांवर एकाच धर्मादाय संस्थेचं नाव रंगवलेलं. मी विचारलं, “आपलं काय आहे इथे?”

हवालदार म्हणाला, “कोठडी आपली आहे, साहेब. तिच्यावर नाव टाकायला ते तयार झाले नाहीत.”

तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

संस्था मोठी होती. मुंबईतल्या एका उद्योगपती कुटुंबाने काढलेली. तिचा दवाखाना होता, शाळा होती, गावोगाव फिरणारी औषधांची गाडी होती. आसपासच्या दोन-तीनशे घरांत तरी तिच्या पगारावर चूल पेटायची. अशांना कुणी दुखवत नाही, आणि आम्हीही दुखवत नव्हतो.

मे महिन्यात संस्थेचे व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले. हे गृहस्थ मूळचे शहापूरकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. सगळा परिसर त्यांना ‘सर’ म्हणे. फिर्याद अशी: संस्थेने नव्या प्रकल्पासाठी विकत घेतलेल्या जमिनीवर पूर्वी एक कातकरी वाडी होती. तिथल्या तेवीस कुटुंबांनी राजीखुशीने जागा सोडली असून तसं संमतीपत्र आहे. संस्था त्यांना दुसरीकडे पक्की घरं बांधून देणार आहे. तरीही एका बाईने रिकाम्या जागेवर पुन्हा झोपडं उभारलं, बांधकामाच्या खुंट्या उपटल्या आणि ठेकेदारावर कोयता उगारला.

संमतीपत्राची प्रत जोडलेली होती. तेवीस नावं, तेवीस अंगठे, खाली साक्षीदार. कागद इतका नीटनेटका होता की त्यावर हात फिरवावासा वाटावा. मी गुन्हा नोंदवून घेतला. शंका आली नाही, हे आधीच कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई बाईला घेऊन आली. पन्नाशीची असेल. काटक, डोक्यावर पदर, पायांत काही नाही. ती थेट जमिनीवर बसली.

“बाकावर बस, मावशी,” मी म्हणालो.

“नाय. त्यावर त्यांचं नाव हाय. उद्या म्हनतील, बाक पन बळकावला.”

शिपाई तोंड फिरवून हसली. मी गंभीर चेहरा करून विचारलं, “खुंट्या उपटल्या का?”

“उपटल्या.”

“कोयता दाखवला?”

“कोयता हातातच व्हता. मी फाटी तोडीत व्हते. तो आला तं त्याला दिसला. त्याला मी काय करू?”

“संमती दिलीस आणि आता नाही म्हणतेस. असं चालत नाही.”

“कंदी दिली?”

“माघात. हा बघ, अंगठा आहे तुझा.”

तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. “माघात आमी भट्टीवर. भिवंडीकडं. आक्खी वाडी. अंगठा काय टपालानं धाडला का रे, साहेब?”

तिची जात सगळ्यांनाच ‘अरे-तुरे’ करते. जिल्हाधिकारी आले तरी त्यांच्या बोलण्यात फरक पडत नाही. मला ते कधी लागलं नाही, पण त्या दिवशी का कोण जाणे, लागलं. मी तिला झापलं. कागदावर अंगठा आहे म्हणजे आहे, खोटं बोलून प्रकरण वाढवू नकोस. माफी लिहून दे, समज देऊन सोडतो.

ती म्हणाली, “माफी कशाची लिवू? घर माझं मोडलं. माझ्या सासूनं सारवलेली जोती हायेत ती. आमी परत आलो तं भिंती नाय, छपार नाय, नुसती जोती. पावसाआधी मी थितनं उठले तं मागनं आक्खी वाडी उठंल. मंग आमाला भुई कंची?”

सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं. वाडीच्या नावावर काही नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण सातबारा जुन्या जमीनमालकाचा. तरीही इतक्या वर्षांची राहती वाडी कायद्याने अशी उठवता येत नाही. म्हणून तर संमतीचा कागद लागला. कागद खरा तर वाडी गेली. कागद खोटा तर संस्थेने तेवीस घरांवर चोरून यंत्र फिरवलं. मला मात्र ते तेव्हा दिसलं नाही. मला दिसला एक हट्टी आरोपी आणि एक सज्जन फिर्यादी. नोटीस देऊन मी तिला सोडलं आणि दोन दिवसांत दोषारोपपत्राची तयारी करायला सांगितलं.

खबर आली ती तिसऱ्या दिवशी, आणि तीही दारातून बाहेर पडता पडता. त्या भागातला एक रेशन दुकानदार मोबाईल गहाळ झाल्याची नोंद करायला आला होता. नोंद झाली, शिक्का मिळाला. उंबऱ्यापाशी थांबून तो म्हणाला, “साहेब, त्या वाडीची बोटं आमच्या मशीनला लागत नाहीत. संस्थेच्या कागदाला मात्र झकास लागली.”

मी त्याला परत बसवलं. “म्हणजे?”

“वर्धापनदिनाच्या मांडवात त्यांनी तो कागद मोठा करून फ्लेक्सवर लावला होता. मुंबईचे पाहुणे त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. तेव्हाच माझ्या मनात आलं. एकेक अंगठा कसा, रेष न् रेष मोजून घ्यावी. आता ही माणसं सहा महिने ओल्या चिखलात न् रेतीत विटा थापतात. कातडी झिजून बोटं गुळगुळीत होतात. भट्टीवरून आली की महिना-दीड महिना मशीन त्यांचं बोट ओळखतच नाही. दरवर्षी माझ्या दुकानात याच्यावरून भांडणं.”

“मग चार महिने गप्प का बसलात?”

त्याने खिशातला गहाळ नोंदीचा कागद काढून त्याची पुन्हा घडी केली. “माझ्या बायकोचं डायलिसिस त्यांच्याच दवाखान्यात चालतं, साहेब. आठवड्यातून दोनदा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका.”

कागदोपत्री त्याचं नाव कुठेही आलं नाही. आज लिहितोय ते त्याला विचारून.

मी उठलो आणि संमतीपत्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं. तेवीस ठळक अंगठे. जो माणूस रोज गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे घेतो, त्याला तीन दिवस हे दिसलं नव्हतं! भट्टीवरच्या मजुराचा ठसा कसा उमटतो हे मला माहीत होतं. माझ्या हवालदाराला माहीत होतं. पण कागद थोर संस्थेचा असला की पोलिसाचे डोळेसुद्धा नमस्कार करायला मिटतात.

घाई करणं भाग होतं. चिखलातून हात निघाला की काही आठवड्यांत रेषा पुन्हा उगवतात. त्याच दुपारी हवालदाराला आणि महिला शिपाईला घेऊन वाडीवर गेलो. जोत्यांवर प्लास्टिकचे कागद ताणून माणसं बसलेली. पंच म्हणून शेजारच्या गावातले दोन शेतकरी आणले होते. ते नाखुशीने उभे होते. काचेवर शाई पसरली आणि हवालदाराने पहिल्यांदा त्या बाईचाच अंगठा धरून कागदावर फिरवला. काळा डाग उमटला. त्याने दुसऱ्यांदा फिरवला. पुन्हा डाग.

“रेषाच नाहीत, साहेब.”

बाई म्हणाली, “आता झिजल्या त्या झिजल्या. तुला कंच्या पायजेत?”

तेवीस कुटुंबप्रमुखांपैकी वीस जण वाडीवर हजर होते. त्यांतल्या सतरा जणांचे ठसे तसेच आले, पुसट किंवा नुसते डाग. पंचांपैकी एकाने संमतीपत्र हातात घेतलं, डागांशेजारी धरलं आणि म्हणाला, “आयला!” पंचनाम्यात तो शब्द लिहिता आला नाही. पण त्याने सही मात्र खणखणीत केली.

भट्टीमालकाचा जबाबही घेतला. त्याने सांगितलं की दिवाळी उरकली की ही वाडी त्याच्याकडे येते आणि मे उजाडल्याशिवाय सुटत नाही. एवढं झाल्यावर मी सरांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं.

ते इस्त्रीच्या कपड्यांत आले. सोबत पेढ्यांचा बॉक्स होता. तो मी टेबलाच्या कडेला सरकवला. सुरुवात साधीच केली. संमतीपत्रावर अंगठे कुठे घेतले? वाडीवर. कोणासमोर? माझ्यासमोर. किती वाजता? सकाळी. वाडीवर तेव्हा लोक होते? होते की.

“भट्टीमालक म्हणतो, ते त्याच्याकडे होते.”

“भट्टीवाल्याचं काय घेऊन बसलात!”

मी वाडीवरच्या ठशांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी संमतीपत्र. काही बोललो नाही. चौकशीत पोलिसाने कमी बोलावं, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो. गप्प माणसापुढे खोटं फार वेळ टिकत नाही. सरांनी दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला. मग वर बघून म्हणाले, “तो कॅमेरा बंद करा.”

“तुम्हीच दिलाय, सर. बंद कसा करायचा ते आम्हाला शिकवलं नाहीत.”

दारातल्या शिपायाला खोकला आला. सर पहिल्यांदाच चिडले. “साहेब, तुमच्या ठाण्यात बसायला बाक नव्हते, प्यायला थंड पाणी नव्हतं. तेव्हा हे कायदे कुठे गेले होते? आम्ही तालुक्याचं भलं करतोय. त्या वाडीला पक्की घरं मिळणार आहेत.”

“घरं कुठपर्यंत आलीत?”

“जागा बघणं चालू आहे.”

“जागा सापडायच्या आधी राहती घरं पाडलीत?”

मग मी मूळ प्रश्नावर आलो, “अंगठे कुणाचे?”

सरांनी सांगितलं. संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या चार बायकांचे. साड्या वाटायच्या आहेत, त्याची पोच म्हणून त्यांचे अंगठे उमटवून घेतले होते. कधी उजवा, कधी डावा, असे तेवीस पुरे केले.

“का? वाडी परत येईपर्यंत थांबायचं. समोर बसवून विचारायचं.”

“वाडी मेमध्ये येते, साहेब,” सर अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले. “दाते येतात वर्धापनदिनाला, थंडीत. लोकांची संमती डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते प्रकल्पाला हात घालत नाहीत. आणि पाहुण्यांना मे सोसत नाही.”

ते चेष्टा करत नव्हते, आणि म्हणूनच मला उठून व्हरांड्यात जावं लागलं. चोऱ्या, मारामाऱ्या, खून, सगळं पाहिलेला माणूस मी. पण कुणाची तरी ऊन सोसायची तयारी नाही म्हणून तेवीस घरांची भुई काढून घेणं, आणि तेही सेवा म्हणून? शिवाय मूर्खपणा बघा. मुकाट्याने फायलीत ठेवला असता तर हा कागद कुणी पाहिला नसता. पण दान केलं की त्याचा मांडव घातलाच पाहिजे. स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा फ्लेक्सवर छापून त्यापुढे हारतुरे घेणारे आरोपी मी दुसरे पाहिले नाहीत.

बाईवरचा गुन्हा खोटा असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. संस्थेविरुद्ध तक्रार देशील का, विचारल्यावर ती न अडखळता ‘हो’ म्हणाली, आणि तिच्या फिर्यादीवरून बनावट दस्तऐवजाचा आणि आदिवासींना बेकायदा हुसकावल्याचा नवा गुन्हा दाखल केला. फिर्यादी होता तो आरोपी झाला. नियमाप्रमाणे पुढचा तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे गेला. ठसेतज्ज्ञांचा अहवाल यथावकाश आला: तेवीस अंगठे, चार व्यक्ती. महसूल अधिकाऱ्यांनी जागा जैसे थे ठेवायचा आदेश काढला आणि वाडीने जुन्या जोत्यांवर पुन्हा कुडाच्या भिंती उभ्या केल्या. विश्वस्त मंडळाने पत्र पाठवलं की व्यवस्थापकाच्या कृत्याची त्यांना कल्पना नव्हती. त्या फ्लेक्सपुढे उभं राहून हार घेणारे अध्यक्ष त्याच पत्रावर सही करून मोकळे झाले. खटला अजून चालू आहे.

पण माझा संताप तिथे संपत नाही. तिथे तर तो सुरू होतो.

महिनाभरात संस्थेने औषधांची गाडी बंद केली. कारण दिलं, ‘परिसरात सहकार्याचं वातावरण राहिलं नाही.’ डायलिसिसची सवलतही गेली. आठवड्याच्या आत गावकऱ्यांचं शिष्टमंडळ माझ्यासमोर. त्यांचा पुढारी म्हणाला, “साहेब, एका कातकरणीच्या जोत्यापायी आमच्या म्हाताऱ्यांची औषधं गेली. तुमी काय मिळवलंत?”

“सरकारी उपकेंद्र आहे ना गावात?”

“त्याला कुलूप हाय.”

“कधीपासून?”

“गाडी येया लागली तवापासून. कोन जातोय तिकडं?”

बघा. गाडी आली, उपकेंद्र ओस पडलं. ओस पडलं म्हणून तिथलं पद भरलं गेलं नाही. पद भरा म्हणून कुणी अर्ज केला नाही, कारण गाडी येत होती. मग एका सकाळी मालकांचा मूड गेला आणि गाडी गेली. आता ना हे ना ते. हक्काने मिळत होतं ते आम्ही सोडून दिलं, उपकार म्हणून मिळालं ते घेतलं, आणि उपकार परत घेतले गेले तेव्हा आमचा राग कुणावर? संस्थेवर नाही. त्या बाईवर!

देशाचा कारभारसुद्धा हळूहळू याच रीतीने चालला आहे, असं मला वाटतं. धर्मादाय म्हटलं की करात सवलत. म्हणजे सरकारी तिजोरीत येऊन डॉक्टरचा पगार झाला असता असा पैसा दात्याच्या मर्जीने, दात्याच्या नावाने, दात्याला हवा तिथे फिरतो. नवा महामार्ग होणार म्हटलं की त्याच मर्जीला नेमक्या त्याच भागात सेवा सुचते आणि जमिनी लागतात. भट्टीवरची बाई चपला घेते तेव्हा तिला करात सवलत नाही. ती पूर्ण भरते. तरीही सत्कार दात्याचा होतो. आमच्या शेजारचं उदाहरण घ्या. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात मुंबईचे दाते शहापूरच्या गावांना टँकर दान करतात. लोक टाळ्या वाजवतात!

सगळ्याच संस्था अशा नसतात. जीव ओतून काम करणारी माणसं मी याच जिल्ह्यात पाहिली आहेत, आणि त्यांना प्रश्न विचारला तर ती गाडी बंद करत नाहीत. चांगला दाता ओळखायची माझी खूण तीच. त्याला ‘नाही’ म्हणून बघा.

वाडीच्या घरांची गावठाणात नोंद व्हायला ग्रामसभेचा ठराव हवा होता. सरपंचांनी सभा जानेवारीत घेऊ म्हटलं. बाई पंचायतीच्या दारात बसली. “जानेवारीत आमी नाय. दिवाळीच्या आत घ्या.” शेवटी दसऱ्यानंतर सभा लागली. मी बंदोबस्ताला होतो. गाव तणतणत आलं होतं. कुणीतरी ओरडलं, “आधी दवाखान्याची गाडी आना, मंग ठराव करा!”

बाई उभी राहिली. “गाडी मी नेली का गो?” ती बायकांच्या बाजूला वळून म्हणाली. “त्या दवाखान्याच्या कुलपाला हात लावाया चला, मी तुमच्यासंगं येते. पन माझी भुई माझ्या नावाची करा.”

ग्रामसेवकाने ते खोटं संमतीपत्र आणि नवा ठराव, दोन्ही मोठ्याने वाचले. गावाने तो कागद पहिल्यांदाच ऐकला. एवढे दिवस सगळ्यांनी फक्त मांडवात पाहिला होता. मतदान हात वर करून. बराच वेळ एकही हात वर गेला नाही. मग मागच्या रांगेत रेशन दुकानदार उठला. बायकोला तेव्हा तो आठवड्यातून दोनदा कल्याणला नेत होता. त्याने हात वर केला आणि तसाच ठेवला. त्याच्या शेजारच्याने खाली बघत हात वर केला. मग एकेक करत. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. दिवाळी झाल्यावर वाडी भट्टीवर गेली, पण त्या वर्षी घरांना कुलपं लावून गेली.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की कागद खोटा आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ज्याच्या नावाने तो लिहिलाय, त्याच्यासमोर वाचला की पुरतं. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या गावात कुणाच्या भल्यासाठी म्हणून कुणाची जमीन, वाट किंवा विहीर घेतली जात असेल, तर तो संमतीचा कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. अर्ज आजच द्या. आणि सभा दिवाळीच्या आत मागा. नंतर वाचाल तर ज्यांनी ‘हे खोटं आहे’ म्हणायचं, ती माणसं विटा थापत असतील.